हळदीवाली कॅसेट

लग्नघरी न्यायचा भुताचा पिक्चर रडका नसावा, असं विमलचं म्हणणं होतं आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या दोघा पाहुण्यांना ती तेच समजावत होती. त्यांना थडगं फुटून हात वर येतो तो पिक्चर हवा होता. त्याचं गावात नाव झालं होतं. विमलने तो फळीवरून काढला, पण हातात दिला नाही. त्यात एक मेलेलं लेकरू परत येतं, ती म्हणाली, आणि लग्नाला जमलेल्या बायकांत एखादी तरी अशी असते, जिचं लेकरू गेलेलं असतं. ती बिचारी कोपऱ्यात बसून रडत राहील. त्यापेक्षा हा न्या, म्हणून तिने अगदी खालच्या फळीवरची एक कॅसेट पुढे केली. कुणा हौशी माणसाने एकाच बंगल्यात घाईघाईत उरकलेला पिक्चर होता तो. भुताचा केसांचा टोप मध्येच सरकतो आणि ते भूत तो हाताने नीट करतं. पोरं किंचाळतील, म्हातारे हसतील, आणि जेवणावरून कुणाचं मन उडणार नाही.

पाहुणे तोच घेऊन गेले. विमलचं ऐकून सहसा कुणी पस्तावत नसे.

बुऱ्हाणपुरात गच्च्यांवर टीव्हीच्या मोठ्या छत्र्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. विमलचा नवरा गजानन नेपानगरला कारखान्यात शिफ्टला जायचा. सिंधीपुऱ्यातल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्याने व्हिडिओ लायब्ररी काढली होती आणि तो नसताना बायकोने काउंटरवर बसावं, एवढंच ठरलं होतं. सुरुवातीला विमल नुसत्या कॅसेटी द्यायची आणि घ्यायची. पण दमट दिवसांत पट्ट्यांना बुरशी धरायची. मग त्या पुसून, मशीनमध्ये घालून पाहाव्या लागत. तांदूळ निवडताना, पापड लाटताना ती एक एक कॅसेट लावून ठेवू लागली आणि तसं करता करता तिने दुकानातले जवळजवळ सगळे पिक्चर पाहून टाकले.

तिला आवडले ते भुताचे. याचं तिचं तिलाही नवल वाटे, कारण ती शाळामास्तराची मुलगी होती आणि भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. घरगुती पिक्चरमधली बाई सोसत राहायची आणि शेवटी सगळे तिच्या पाया पडायचे, ते विमलला पटत नसे. असे पाया पडणारे लोक तिने कुठे पाहिले नव्हते. भुताच्या पिक्चरमधली बाई मात्र मेल्यावर का होईना, परत येऊन विचारायची, की माझं असं का केलंत. तिला उत्तर द्यावं लागायचं.

बाहेरच्या देशांतल्या कॅसेटी मुंबईहून इंदूरमार्गे यायच्या. त्यांच्यावर धड नावं नसत, म्हणून विमलने त्यांना आपली नावं ठेवली होती. एक होता ‘पावलांचा’. बर्फातल्या एका गावात रोज सकाळी घराबाहेर गेलेली पावलं उमटलेली दिसतात, पण आत आलेली कुणाचीच नसतात. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. भाषा कुणालाच कळायची नाही, तरी कॉलेजातली मुलं तो पुन्हा पुन्हा न्यायची. गिऱ्हाईक आलं की विमल आधी विचारायची, कुठे बघणार, कुणाबरोबर बघणार, आणि संपल्यावर घरात एकटं कोण राहणार. मग काय ते द्यायची. गजानन हसायचा. म्हणायचा, वैद्याकडे गेल्यासारखं वाटतं लोकांना.

शारदा मात्र गिऱ्हाईक म्हणून आली नव्हती. ती आली शेजारच्या चक्कीवर दळण घेऊन.

समोरच्या ओळीत मालूबाईचं घर होतं. शारदा तिची सून. डोईफोडिया गावच्या कौतिक पाटलांची मुलगी, लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. नवरा यादव कापडाच्या पेढीवर कामाला होता. इस्त्रीचा सदरा, खाली नजर, बोलणं मऊ. सणासुदीला यादव घरी कॅसेट न्यायचा, तेव्हा परत करताना न चुकता पट्टी गुंडाळून, सुरुवातीला आणून द्यायचा. अशी गिऱ्हाइकं थोडी असतात, आणि विमलला त्याचं कौतुक होतं.

चक्कीवर पाळी लागेपर्यंत बायका ओट्यावर बसायच्या. शारदा डबा रांगेत ठेवून विमलच्या दाराशी येऊन उभी राहिली ती मशीनवर चाललेला पिक्चर पाहत. विमलने तिला आत बोलावलं, पाट दिला. त्यानंतर ती दळणाला आली की यायचीच. डबा भरेपर्यंत जेवढा होईल तेवढा पिक्चर पाहायचा, पुढचा तुकडा पुढच्या दळणाला. हसायची नाही, ओरडायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकटक बघायची.

एकदा ती म्हणाली, “ताई, ह्याच्याहून डरावना नै का?”

विमलने विचारलं, “तुले भीती नै वाटत का गं?”

शारदाने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग म्हणाली, “पिक्चरमधी आधी कुत्रं भुंकतं, वारा सुटतो, बत्ती जाते. मंग भूत येतं. माणसाले कळतं तरी का आता येनार हाय. घरामधी तसं काही होत नै.”

विमल पापड लाटत होती, तिचा हात थांबला. दळण झाल्याची हाक आली तशी शारदा उठली आणि डबा डोक्यावर घेताना तिचं पोलकं दंडावरून वर सरकलं. आतल्या बाजूला, जिथे एरवी दिसत नाही, तिथे कातडी निळी-हिरवी झाली होती. विमलने काय झालं विचारलं. पायरीवरून घसरले, असं उत्तर आलं. पायरीवरून घसरलेल्याला दंडाच्या आत लागत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. पण विमलने पुढे विचारलं नाही. विचारून करायचं काय, हे तिला सुचत नव्हतं.

पुढच्या खेपेला तिने शारदाला हळदीवाला पिक्चर लावून दिला.

त्या कॅसेटला दुकानात कुणी हात लावत नसे. कुठल्याशा मिठाईवाल्याने पैसे घालून काढलेला पिक्चर. तीन वेगवेगळ्या गावांत तेच एक लिंबाचं झाड दिसायचं आणि भिंतीवर माईकच्या काठीची सावली हलायची. पण त्यातली बाई विमलच्या मनातून जात नसे. एका नव्या सुनेच्या अंगात त्याच घरात पूर्वी मेलेली सून येते. ती कच्ची हळद कडाकडा चावून खाते, भिंतीकडे तोंड करून बसते, आणि कुणी काही विचारलं की जाड्या आवाजात एकच म्हणते, मला न्यायला का नाही आले.

शारदाने तो तुकड्या तुकड्यांनी पाहिला आणि संपत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. शेवट तेवढा विमलने तिला दाखवला नाही. मांत्रिक येऊन त्या सुनेला लाल तापलेल्या चिमट्याने डागतो, ती मरते, धूर निघून जातो आणि सगळे हात जोडतात. त्या शेवटाचा विमलला राग होता. पुढे काही खास नाही गं, असं म्हणून तिने मशीन बंद केली होती.

मग काही दिवस शारदा चक्कीवर आली नाही. मालूबाई स्वतःच डबा घेऊन आली. चेहरा उतरलेला होता. सुनेला बाहेरचं झालंय, असं तिने सांगितलं. आधी वाटलं, डोकं दुखत असेल, पण आता आवाजच बदललाय, आणि यादव खोलीत गेला की ती अशी काही किंचाळते की तो दारातूनच मागे फिरतो.

दुपारी विमल तिकडे गेली. आत शेजारच्या बायका अंग चोरून बसल्या होत्या. शारदा भिंतीकडे तोंड करून, केस सोडून बसली होती. एका म्हातारीने तिला हाक मारली तेव्हा ती जरा वळली. ओठ पिवळे होते आणि हनुवटीपर्यंत हळदीचे ओघळ आलेले होते. जाड, खरबरीत आवाजात ती म्हणाली, “मले न्यायले कामून नै आले?”

विमलची नजर नकळत वर भिंतीकडे गेली, माईकच्या काठीची सावली शोधत. मग तिला समजलं आणि हसू येईल की रडू, हे तिचं तिला कळेना. मान वाकडी करण्याची ती लकब, तो मध्येच घेतलेला श्वास, सगळं तेच होतं. शारदाची नजर तिच्यावरून फिरली, पण थांबली नाही.

मालूबाई तिला पोहोचवायला दारापर्यंत आली. असीरगडाच्या पलीकडून एक भगत शनिवारी येणार होता, तिने सांगितलं. त्याने निरोप दिला होता की जुनं धरलेलं दिसतंय, चिमटा तापवून डागावं लागेल, घरात कोळसा आणून ठेवा.

पिक्चरचा शेवट नेमका हाच होता. न दाखवलेला शेवट तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. शारदालाही नव्हता.

मालूबाईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “तू येवढे भुताचे पिक्चर पाह्यते, विमल. काय केल्यानं जातं ते?”

विमलला आयुष्यात इतक्या लोकांनी इतक्या वेळा विचारलं होतं, की कोणता पिक्चर न्यावा. तेव्हा तिला कधी अडखळायला झालं नव्हतं. आता तिने दाराची कडी धरली आणि बोलायला लागली.

“डागल्यानं जात नै, मावशी. डागलं का ते आतच बसतं, मंग बाईले घेऊनच जातं. ते काय म्हनते, ते तं ऐका. न्यायले आले नै, म्हनते. तं तिले माहेरी पोचवा. तापी ओलांडून, जिथं तिची नाळ पुरली तिथं. सव्वा महिना राहू द्या. पन सासरच्या माणसाची सावली तिच्यावर पडली नै पाहिजे. पडली तं ते त्याले धरतं.”

“हे पिक्चरमधी दाखवलं?”

“हाव. शेवटी हेच दाखवलं.”

मालूबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आत कुणीतरी उदबत्ती लावली, तिचा वास बाहेर आला. मग मालूबाई हळूच म्हणाली, “माह्या टाइमाले आसं काही निघालं असतं, तं मी बी गेली असती.” आणि कुणाला तरी पाणी द्यायचं निमित्त करून आत गेली.

शनिवारच्या आत कौतिक पाटील आले. मालूबाईनेच निरोप धाडला होता. ते हादरून गेलेले होते. तिला चालवत बस स्टँडकडे नेलं तेव्हा गल्लीतल्या बायका दारं ओढून घेऊन फटीतून बघत होत्या. शारदा विमलच्या दुकानावरून खाली मान घालून गेली. मागे कौतिक पाटील, हातात तिची ट्रंक. विमल काउंटरवर हात टेकून उभी होती. मास्तरची मुलगी असून आपण नाळ, सावली, सव्वा महिना असलं काय काय बोललो, आणि ते किती सहज बोललो, हे तिच्या डोक्यातून जाईना. गजाननला तिने काहीच सांगितलं नाही.

आणि मग यादव आला.

दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नेहमीसारखा खाली बघत, हळू आवाजात बोलला. चक्कीवाल्या सुकलालभाऊंनी सांगितलं, की शारदा इथे बसून भुताचे पिक्चर पाहायची. खरं का भाभी? विमलने हो म्हटलं. नाही म्हणून चालण्यासारखं नव्हतं, सुकलालने दर दळणाला पाहिलेलं होतं. यादव म्हणाला, कोणता पाहायची ते द्या. मला पण पाहायचाय.

हळदीवाली कॅसेट त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, खालच्या फळीवर होती. विमल वळली. फळ्यांवरून नजर फिरवता फिरवता तिचं मन शांत होत गेलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला काय द्यायचं एवढाच प्रश्न होता. कुठे बघणार, कुणाबरोबर बघणार, संपल्यावर घरात एकटं कोण राहणार. या खेपेला विचारायची गरज नव्हती.

तिने वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली. बाहेरच्या देशातला पिक्चर होता, कुणीतरी त्यावर हिंदी बोलणं चढवलेलं होतं. तिच्याकडचा तो सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट पिक्चर. तो तिने आजवर कुणाला आपणहून दिला नव्हता.

यादवने कॅसेट उलटसुलट केली. “ह्याच्यामधी काय हाय?”

“एक माणूस हाय,” विमल म्हणाली. “बाहेर सगळे त्याले चांगला म्हनतात.”

तो कॅसेट घेऊन गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर विमलने हळदीवाली कॅसेट काढली आणि मशीनला लावून तिच्यावर टीव्हीच्या छत्रीवरचा कसलासा गाण्यांचा कार्यक्रम भरून टाकला. लिंबाचं झाड गेलं, ती बाई गेली. गावात तो पिक्चर तिला आणि शारदालाच आवडला होता, आणि आता तो फक्त दोघींच्या डोक्यात उरला.

यादवला दिलेल्या पिक्चरमध्ये भूत असं नव्हतंच. एका माणसाची बायको मेलेली असते. लोक त्याचं सांत्वन करायला येत राहतात. त्या घरात त्याने तिच्यावर जिथे जिथे हात उचललेला असतो, तिथे तिथे भिंतीला ओल धरू लागते. जिन्याशी, चुलीपाशी, पलंगाच्या उशाला. तो रंग लावतो, खिळे मारून तसबिरी टांगतो, पाहुण्यांना तिथे बसू देत नाही. ओल वाढतच जाते.

दुसऱ्या दिवशी यादवने कॅसेट काउंटरवर ठेवली आणि वर न बघता म्हणाला, पूर्ण नाही पाहिला, मशीन खराब झाली. तो गेल्यावर विमलने ती हातात घेतली. पट्टी गुंडाळलेली नव्हती. अर्ध्यावरच होती. तिने ती तशीच मशीनमध्ये घातली. पडद्यावर तो माणूस बाजारातून परत येऊन दिवाणखान्यात उभा होता, आणि छतापासून जमिनीपर्यंत सगळी भिंत ओली झालेली होती. यादव इथवर आला होता. विमलने मशीन बंद केली. तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. घाबरला, एवढंच. घाबरलेला माणूस सुधारतोच असं नाही, हे तिला समजत होतं.

सव्वा महिना झाला, तरी यादव बायकोला आणायला गेला नाही. सावलीचं कारण सांगत राहिला. पुढे समाजातली चार माणसं बसली आणि फारकत झाली. शारदा डोईफोडियालाच राहिली. तिथून येणाऱ्या एका बाईने सांगितलं, की ती शिवण शिकली, आता चांगली आहे, अंगातलं सगळं गेलं. विमलने मान हलवली आणि दुसरा विषय काढला.

एकदोन वर्षांत गल्लीत घरोघरी केबलची वायर आली. लोक घरबसल्या पाहू लागले, जे लागेल ते. काय पाहू, असं विचारायला कुणी येईना. आठवड्याला चार-दोन गिऱ्हाइकं यायची, तीही लग्नाच्या कॅसेटची नक्कल काढून द्या म्हणत. गजानन दुकानात टेलिफोन बूथ टाकायचा विचार करत होता.

अशाच एका दुपारी शहापूरकडचे एक गृहस्थ आले. केळीवाले शेतकरी, नाव चुडामण, बरोबर त्यांची बहीण. पिक्चर नको होता त्यांना. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की मुलीसाठी यादवचं स्थळ आलंय. मुलगा मवाळ वाटला, घर ठीक आहे. पण पहिलीला बाहेरचं होतं असं कानावर आलं. घरात काही दोष तर नाही ना, तेवढं विचारायचं होतं.

विमलने विचारलं, की तुम्हाला माझ्याकडे कुणी पाठवलं.

“मालूबाईंनीच,” चुडामण म्हणाले. “आम्ही त्यांनाच विचारलं. तं म्हने, समोर विमल बसते, तिले विचारा. ती तुम्हाले खरं सांगीन.”

विमलने समोरच्या घराकडे पाहिलं. म्हणजे मालूबाईला तेव्हाच कळलं होतं. पिक्चरमध्ये असं काही दाखवलेलं नाही, हे तिला दारात उभं राहून ऐकतानाच कळलं होतं, आणि तरी तिने डोईफोडियाला निरोप धाडला होता. स्वतःच्या मुलाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलणं तिला तेव्हाही जमलं नव्हतं आणि आताही जमत नव्हतं. म्हणून तिने या दोघांना इथे पाठवलं होतं.

या खेपेला नाळ आणि सावली शोधायची गरज नव्हती.

“पहिलीले बाहेरचं काहीच नव्हतं, भाऊ,” विमल म्हणाली. “यादव मारत होता तिले.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, एवढंसं तर वाक्य आहे. चुडामण यांच्या बहिणीने पाणी मागितलं. विमलने आतून तांब्या आणून दिला. दोघं प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि नमस्कार करून निघाले.

समोर मालूबाईने ओट्यावर खाट टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या. आत पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं असणार. चुडामण आणि त्यांची बहीण तिच्या घरासमोरून गेले, पण वळले नाहीत. सरळ सिंधीपुऱ्याच्या वेशीतल्या दरवाज्याकडे चालत राहिले. ते दिसेनासे होईपर्यंत मालूबाई त्यांच्याकडे बघत होती. मग ती खाटेशी वाकली आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया मोडू नयेत अशा बेताने, एक एक करून दुसऱ्या अंगावर उलटवू लागली.